आप्तवाक्य आणि आमचीं मुलें

मुलांनीं प्रश्न विचारावे व वडील माणसांनीं त्यांचीं उत्तरें द्यावीं, हा क्रम आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. उत्तर देणारा नेहमींच जाणता असे असें नाहीं. पुष्कळ वेळां तो आपल्या अज्ञानावर दटावणीचें पांघरूण घालीत असे. तथापि उत्तर कोणीं दिलें हें मुलास ठाऊक असे, आणि तें चुकीचें निघालें तर जाब कोणास विचारावा हेंही ठाऊक असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा क्रम पालटला. आतां मूल आपला प्रश्न मोबाइलास विचारतें, आणि उत्तर देणारा कोण, कोठला, त्यास तें कसें कळलें, यांपैकीं कांहींच त्यास दिसत नाहीं. या पालटाविषयीं हळहळ व्यक्त करणारे लेख वाचकांनीं पुष्कळ वाचले असतील; त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा विचार नाहीं. यंत्र आलें आहे व तें राहणार आहे. इंटरनेटवर शोध कसा घ्यावा हें मुलांस शिकवावें, याबद्दलही आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो असा कीं, हें शिकविणें म्हणजे नेमकें काय शिकविणें? तें एक कसब आहे, कीं तो सदाचाराचा एक भाग आहे? आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. तें कां, हें सांगण्यापूर्वीं एक घडलेली हकीकत सांगणें अवश्य आहे.

कन्नड तालुक्यांतील पिशोर येथें आमच्या चुलत्यांचें घर आहे. गेल्या दिवाळींत आम्ही तेथें चार दिवस राहिलों होतों. आमच्या चुलतबंधूंची मुलगी आठव्या इयत्तेंत शिकते. तिला शाळेंतून ‘आपल्या गांवाची माहिती’ हा प्रकल्प मिळाला होता, आणि त्यांत पहिलाच प्रश्न ‘गांवाचें नांव कशावरून पडलें?’ असा होता. तिनें मोबाइलवर एआयला तो विचारला. क्षणार्धांत एक सुरेख गोष्ट पडद्यावर आली. तींत एक राजा होता, त्याची शिकार होती, आणि शेवटीं नांवाची व्युत्पत्तिही होती. मुलगी चौकस, तिनें प्रश्नाचे शब्द थोडेसे फिरवून पुन्हां विचारलें, तेव्हां दुसरीच गोष्ट आली, तींत राजाही दुसरा व व्युत्पत्तिही दुसरी. तिनें आमच्याकडे पाहिलें व आम्ही चुलत्यांकडे पाहिलें. अण्णांनीं ऐंशी ओलांडली आहे. ते म्हणाले, “मी इथंच जन्मलो, इथंच म्हातारा झालो. ह्यातला एकबी राजा माझ्या बापानं मला कधी सांगितला नाही.” मैत्रिणींस फोन करून विचारतां कळलें कीं वर्गांतील बहुतेकांनीं पहिली गोष्ट जशीच्या तशी वहींत उतरून घेतली आहे. “काका, मग मी काय लिहूं?” असें तिनें विचारलें. आम्ही म्हणालों, “जें तुला सांपडलें तें लिही, आणि जें सांपडलें नाहीं तेंही लिही.” तिनें लिहिलें कीं, गांवाच्या नांवाचा उगम खात्रीनें सांगणारा आधार मला मिळाला नाहीं, दोन गोष्टी मिळाल्या, परंतु त्या कोठून आल्या हें कोणीं सांगितलेलें नाहीं, आणि माझ्या आजोबांनीं त्या कधीं ऐकलेल्या नाहींत.

दिवाळीनंतर समजलें कीं या उत्तरास दहांपैकीं तीन गुण मिळाले, आणि राजाची गोष्ट लिहिणाऱ्यांस आठ किंवा नऊ. शाळेचें नांव आम्ही घेत नाहीं. कारण हा दोष एका शाळेचा नाहीं, आणि पुष्कळ वर्षें परीक्षकाचें काम केल्यामुळें भरलेलें पान पाहून हात सैल सोडण्याची संवय आम्हांसही जडलेली आहे.

वरवर पाहतां या प्रसंगांत कांहींच घडलें नाहीं. एका मुलीचे कांहीं गुण गेले. परंतु पुढें काय होणार याचा वाचकांनीं विचार करावा. तीस-चाळीस वह्यांत एकच राजा लिहिला गेला. त्यांतील एखाद्या नीटनेटक्या वहीचें छायाचित्र उद्यां कोणी इंटरनेटवर ठेवील. परवां एखादा उत्साही गृहस्थ गांवाच्या माहितीच्या पानावर ती गोष्ट घालील. आणि यंत्रें पुढचीं उत्तरें तयार करतील तीं तेंच पान वाचून. दहा वर्षांनीं हीच मुलगी पुन्हां शोध करूं लागली तर तिला एकास पन्नास आधार मिळतील. ज्या राजाचें नांव अण्णांच्या वडिलांनीं कधीं घेतलें नाहीं, तो गांवाच्या वेशीवरील पाटीवर विराजमान झालेला असेल. खोटें बोलण्याचा हेतु यांत कोणाचाच नव्हता. एका गांवास खोटा भूतकाळ मिळण्यास थोडासा आळस पुरेसा झाला.

मुलांस यंत्र चालवितां येत नाहीं, ही अडचण नव्हे. १९९९ सालीं डॉ. सुगत मित्र यांनीं दिल्लींतील कालकाजी भागांत एका भिंतींत संगणक बसवून शेजारच्या वस्तींतील मुलांस तो मोकळा सोडला, तेव्हां कोणीं न शिकवितां तीं मुलें तो चालवूं लागलीं, हें सर्वश्रुत आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणींत २०२४ सालीं ग्रामीण भारतांतील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकीं सुमारें ८२ टक्के मुलांस स्मार्टफोन वापरतां येतो असें आढळलें. त्यांपैकीं आदल्या आठवड्यांत अभ्यासाकरितां त्याचा उपयोग केलेलीं मुलें ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांकरितां केलेलीं ७६ टक्के होतीं. तेव्हां कोणतें बटण दाबावें हें आम्हीं त्यांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. बहुधा तींच आम्हांस सांगतील. समोर आलेल्या उत्तराचें काय करावें, हें मात्र बटण सांगत नाहीं.

आपल्याकडील नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकीं शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारें ज्ञान. आपण जें जें जाणतों त्याचा हिशेब मांडला तर फार मोठी रक्कम या चौथ्या सदरांत पडते. पृथ्वीचा परिघ आपण मोजलेला नाहीं. आपला जन्मदिवससुद्धां आपण ऐकूनच जाणतों. परंतु नैयायिकांनीं कोणाचाही शब्द प्रमाण मानिला नाहीं. आप्ताचा तेवढा मानिला. आणि येथें आप्त म्हणजे नातलग नव्हे, वयोवृद्ध नव्हे, मोठ्या पदावरील मनुष्यही नव्हे. ज्यानें ती गोष्ट स्वतः जाणलेली आहे, आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनानें न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यांत तर असें स्पष्ट केलें आहे कीं हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू पडतें. प्रामाण्य हें कुळावरून किंवा वेषावरून ठरत नाहीं, हें ज्या काळीं आमच्या पूर्वजांनीं लिहून ठेविलें त्या काळीं छापखानाही नव्हता.

मोबाइलच्या पडद्यावरील उत्तरास ही दुहेरी कसोटी लावून पाहावी. ज्यानें तें लिहिलें त्यास ती गोष्ट कळण्याचें साधन काय होतें? आणि ती जशीच्या तशी सांगण्याची त्याची इच्छा होती, कीं कांहीं विकण्याची, कोणास भडकविण्याची, किंवा नुसतें आमचें लक्ष खिळवून ठेवण्याची? एआयच्या बाबतींत तर प्रश्न अधिकच बिकट होतो. तें यंत्र पूर्वीं पुरविलेल्या अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागें कोणता शब्द येणें संभवनीय आहे याचा अदमास बांधून वाक्यें जुळवितें. त्यानें पिशोर पाहिलेलें नाहीं. आणि खरें सांगण्याची इच्छा किंवा अनिच्छा हे शब्द तरी त्यास लावतां येतील कीं नाहीं, याचीच शंका आहे. त्याचें उत्तर बरोबर असूं शकतें, पुष्कळदां असतेंही. परंतु तें आप्तवाक्य नव्हे. तो एक सुगावा आहे, आणि सुगाव्याचा माग काढावयाचा असतो.

येथपर्यंतचें विवेचन बुद्धीच्या प्रांतांतील झालें. आतां नीतीच्या प्रांताकडे वळूं. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं एका निबंधांत एका जहाजमालकाचें उदाहरण दिलें आहे. जहाज जुनें झालें आहे, दुरुस्तीची गरज आहे, अशी शंका मालकाच्या मनांत येते. परंतु इतक्या सफरी तें सुखरूप आलें, याही वेळीं येईल, अशी तो आपल्या मनाची समजूत घालतो आणि प्रवासी भरून तें रवाना करितो. जहाज बुडतें. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, मालकाचा विश्वास मनापासूनचा होता एवढ्यानें तो निर्दोष ठरत नाहीं, कारण तसा विश्वास धरण्याचा त्यास अधिकारच नव्हता. एवढेंच नव्हे, तर जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीही तो तितकाच दोषी ठरला असता. पुराव्यावांचून विश्वास ठेवणें हें जेथें दुसऱ्याच्या जिवाशीं गांठ घालतें, तेथें तें केवळ अज्ञान राहत नाहीं, असा याचा इत्यर्थ.

हें उदाहरण कोणास दूरचें वाटेल, म्हणून जवळचें सांगतों. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी जमावानें ठार मारले. मुलें पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गांवोगांव फिरत होते. पोटासाठीं सोलापूर जिल्ह्यांतून इतक्या दूर आलेले ते पांच निरपराध लोक त्या संदेशांचे बळी झाले. ज्यांनीं हात उगारले त्यांचा गुन्हा न्यायालयाच्या कक्षेंतला आहे. परंतु तो संदेश ज्या हजारों सभ्य हातांनीं, ‘असूं द्या, सावध केलेलें बरें’ असें म्हणून पुढें सरकविला, त्यांचें काय? त्यांतील प्रत्येकानें एक जहाज न तपासतां समुद्रांत सोडलें होतें. पिशोरच्या राजापासून कोणाचा जीव जात नाहीं, हें खरें; परंतु जी संवय वहींत राजा उतरविते तीच संवय पुढें संदेशही सरकविते. लहानपणीं निरुपद्रवी गोष्टींत जी लागते ती मोठेपणीं उपद्रवी गोष्टींत सुटत नाहीं.

या आमच्या मतावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला घरांतला. मुलांस ‘कशावरून?’ असें विचारावयास शिकविलें तर उद्यां तीं वडिलांसही तेंच विचारतील, आणि मग घरांतील आदर कोठें राहणार? तीं विचारतील, यांत आम्हांस संशय नाहीं. आम्हांस त्याचा अनुभव आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही घरच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहांत असा मजकूर धाडला कीं, युनेस्कोनें आपलें राष्ट्रगीत जगांत सर्वोत्तम ठरविलें आहे. प्राध्यापकानें पाठविलेला म्हणून तो घरांतील पुष्कळांनीं पुढें धाडला. याच पुतणीनें, त्या वेळीं ती बरीच लहान होती, फोनवर विचारलें, “काका, हें कुठं लिहिलंय?” आम्ही शोधूं लागलों तेव्हां कळलें कीं असा कोणताही निर्णय युनेस्कोनें दिलेला नाहीं आणि ही जुनी अफवा आहे. पहिल्या क्षणीं आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. देशाभिमानाच्या गोष्टींत पुरावा कसला मागतेस, असें शब्द ओठांवर आले होते. परंतु ते बोललों असतों तर तिच्या मनांत देशाविषयींचा आदर वाढला नसता. खोट्या आधारावर देशाची स्तुति करण्यास हरकत नाहीं, एवढेंच ती शिकली असती. आम्ही समूहांत चूक कबूल केली. त्यानंतर तिच्या वागण्यांतील आदर कमी झाल्याचें आम्हांस दिसलें नाहीं; आम्हीं सांगितलेली गोष्ट ती आतां अधिक लक्ष देऊन ऐकते. जो चूक झाली असें म्हणूं शकतो, त्याच्या ‘हें खरें आहे’ या म्हणण्यास कांहीं किंमत येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. प्रत्येक गोष्ट पडताळून पाहूं म्हटलें तर मनुष्याचें आयुष्य पुरणार नाहीं. विल्यम जेम्स यानें १८९६ सालीं क्लिफर्डला उत्तर देतांना असें दाखविलें कीं, चुकण्याचें भय हेंच सर्वांत मोठें भय मानणारा मनुष्य कित्येक सत्यांनाही मुकतो. मुलाच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. आईच्या शब्दावर विश्वास न ठेवणारें मूल बोलावयासही शिकणार नाहीं. शिवाय सर्वच गोष्टींविषयीं संशय घेणारा तरुण हा शोधक नसतो. ‘सगळेच खोटें बोलतात’ असें म्हणून तो शोधाच्या श्रमांतून मोकळा होतो आणि अखेर आपल्या आवडीच्या खोट्याजवळ जाऊन बसतो. हा आक्षेप आम्ही मान्य करितों. म्हणूनच मुलांस संशय शिकवावा असें आमचें म्हणणें नाहीं. विश्वास कोठें ठेवावा हें शिकवावें, असें आहे.

हें कसें शिकवितां येईल, याविषयीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सॅम वाइनबर्ग व सेरा मॅकग्रू यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग उद्बोधक आहे. त्यांनीं दहा इतिहासाचे विद्वान, त्याच विद्यापीठाचे पंचवीस विद्यार्थी आणि वृत्तपत्रांतील मजकुराची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे दहा जण यांस इंटरनेटवरील कांहीं पानें पारखावयास दिलीं. विद्वान व विद्यार्थी तें पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचीत राहिले, आणि त्याची भाषा, मांडणी व भारदस्त नांव यांनीं पुष्कळदां फसले. तपासनीस मात्र त्या पानावर फार वेळ थांबलेच नाहींत. तें सोडून ते बाहेर पडले, आणि हें पान चालविणारा कोण, दुसरे लोक त्याच्याविषयीं काय म्हणतात, हें त्यांनीं आधीं पाहिलें. आम्हां प्राध्यापकांस यांत खालीं पाहावयास लावण्यासारखें पुष्कळ आहे. नवा सोयरा घरीं आला तर त्याचेंच बोलणें ऐकून आपण मुलगी देत नाहीं. त्याच्या गांवीं चौकशी करितों. हाच व्यवहार मुलांस पडद्याच्या बाबतींत शिकवावयाचा आहे.

दुसरी गोष्ट शिकवावयाची ती ही कीं, दहा ठिकाणीं एकच वाक्य आढळलें म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असें नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांचे सहकारी आणि उत्तराधिकारी यांनीं तिच्यासाठीं १२५९ हस्तलिखितें विचारांत घेतलीं. त्यांनीं नुसतीं डोकीं मोजलीं नाहींत. कोणतें हस्तलिखित कोणावरून उतरलें, कोणाचें घराणें कोणतें, हें त्यांनीं पाहिलें. कारण एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या शंभर प्रती मिळून साक्ष एकाचीच होते. पिशोरच्या शाळेंतील चाळीस वह्यांची साक्षही एकाचीच होती. हें तत्त्व आठवीच्या मुलास समजत नाहीं असें नाहीं. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत एकच चूक आढळली तर त्याचा अर्थ काय, हें त्यास शिक्षकांहून अधिक चांगलें ठाऊक असतें.

तिसरी गोष्ट ही कीं, इंटरनेट म्हणजे जग नव्हे. कन्नड तालुका १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्याच्या दप्तराची भाषा उर्दू होती. मराठवाड्यांत २०२३ सालीं जुन्या नोंदींचा शासकीय शोध सुरू झाला, तेव्हां मोडी व उर्दू कागद वाचणारांची वाण किती आहे तें सर्वांच्या प्रत्ययास आलें. या भागाचा फार मोठा भूतकाळ अद्याप रुमालांत बांधलेला आहे. तो मोबाइलवर सांपडत नाहीं याचा अर्थ तो नाहीं असा होत नाहीं, आणि त्याच्या जागीं एखादा राजा बसविण्याचा परवानाही मिळत नाहीं. १८८४ सालचें औरंगाबाद जिल्ह्याचें गॅझेटियर आहे, १९७७ सालचें दुसरें आहे. तीं उघडून पाहावयास मुलांस शिकवावें. कन्नडचा घाट उतरून पलीकडे गेलें कीं चाळीसगांवाजवळ पाटणें लागतें. तेथील शके ११२८ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला, म्हणून भास्कराचार्यांच्या कुळाची आणि त्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापिलेल्या मठाची हकीकत आपणांस कळली. आज ती माहिती एका क्षणांत पडद्यावर येते. परंतु तिच्या मुळाशीं कोणीतरी तेथवर जाऊन दगडावरील अक्षरें वाचण्याचे केलेले श्रम आहेत. प्रत्येक खऱ्या माहितीच्या मुळाशीं असा कोणीतरी असतो. तो कोण, हें शोधणें म्हणजेच शोध करणें.

आणि असा एक मूळ साक्षीदार त्या मुलीच्या घरांतच बसलेला होता. गांवाच्या नांवाविषयीं अण्णा आप्त नव्हते. त्यांनीं तें कबूल केलें. परंतु प्रकल्पांत पुढचा प्रश्न ‘गांवावर आलेलीं संकटें’ असा होता. १९७२ च्या दुष्काळांत अण्णा तिशीच्या उंबरठ्यावर होते. दुष्काळी कामावर त्यांनीं खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. त्या संध्याकाळीं ते बोलत होते आणि मुलगी लिहून घेत होती. तिनें मध्येंच विचारलें, “आजोबा, हे तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं?” अण्णा थबकले, आणि म्हणाले, “खडीचं मी पाहिलं. जनावरांच्या छावणीचं ऐकलेलं हाय.” तिनें वहींत दोन रकाने पाडले. न्यायशास्त्राचें नांवही न ऐकलेल्या दोघां माणसांत आमच्या समोर न्यायशास्त्राचा एक पाठ होऊन गेला.

तेव्हां आमच्या मतें मुलांस शिकवावयाचें आहे तें सचोटीचेंच एक अंग आहे. बाजारांत दुसऱ्याचें नाणें घासून पाहणें व आपलें खोटें नाणें पुढें न चालविणें, हे दोन्ही व्यवहार एकाच प्रामाणिकपणाचे आहेत. परंतु ही सचोटी मुलांनीं कोठून शिकावी? ‘माहीत नाहीं’ असें म्हणणाऱ्या बापास जें घर हंसतें, आणि ‘आधार मिळाला नाहीं’ असें लिहिणाऱ्या मुलीस जी शाळा तीन गुण देते, तेथें ती कशी उगवणार? संगणकाची खोली बांधण्यास पैसा लागतो. रिकाम्या पण खऱ्या उत्तरास पूर्ण गुण देण्यास कांहींच खर्च येत नाहीं. आम्ही शिक्षक मंडळींनीं एवढें करून पाहावें, आणि आईबापांनीं गुणपत्रिका हातीं आल्यावर, किती मिळाले, याबरोबरच, कशाबद्दल मिळाले, हेंही एकदां विचारावें.

त्या मुलीनें तीन गुणांची वही आम्हांस मागाहून दाखविली. उत्तराखालीं शिक्षकांनीं तांबड्या शाईनें ‘अपूर्ण’ असा शेरा मारला होता. तिनें शेऱ्याखालीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें होतें, ‘अजून शोधते आहे.’